निळ्या पुठ्ठ्याची वही

माझ्या मेजाच्या उजव्या खणांत निळ्या पुठ्ठ्याची एक वही आहे. तिच्यावर मीं मोठ्या अक्षरांत 'संकीर्ण' असें लिहून ठेविलें आहे. हा शब्द मीं विचारपूर्वक निवडला. 'मोटार-खर्च' असें लिहिलें असतें, तर ती वही घरांत कोणीहि उघडली असती. 'संकीर्ण' या शब्दाला मात्र असा कांहीं कंटाळवाणा वास आहे कीं, प्राध्यापकाच्या खणांतील या नांवाची वही उघडण्याची बुद्धि कोणाला होणार नाहीं, अशी माझी समजूत होती. वहींत सहा वर्षांचा जमाखर्च आहे. जमाखर्च तरी कशाला म्हणावें? जमेची बाजू कोरीच आहे.

ही वही ज्या मोटारीची, ती मीं २०१९ च्या दिवाळीच्या सुटींत पुण्याला विकत घेतली. गाडी २०१४ सालची, बावन्न हजार किलोमीटर चाललेली. किंमत ४,१०,००० रुपये. नवी असतांना ती याच्या दुपटीहून अधिक किंमतीस विकली जात असे. कारखान्याचें नांव मुद्दाम घेत नाहीं, कारण पुढें जें सांगावयाचें आहे त्यांत कारखान्याचा दोष किती, आधींच्या मालकाचा किती, वऱ्हाडच्या रस्त्यांचा किती आणि माझा स्वतःचा किती, याची वांटणी मला अद्याप करतां आलेली नाहीं. बाहेरून पाहिलें तर ती चार माणसांची साधी लहान गाडी दिसते. मात्र तिच्या पोटांत टर्बो लाविलेलें पेट्रोल इंजिन आहे, आणि हातानें गिअर बदलण्याऐवजीं स्वतः विचार करून गिअर बदलणारी सात गिअरांची पेटी आहे. शौकीन लोक या जातीच्या गाड्यांना 'परफॉर्मन्स कार' म्हणतात. आमच्या कॉलेजांतील एका स्नेह्यानें तिला 'सोवळ्यांतली घोडी' असें नांव ठेविलें, आणि तेंच स्टाफरूममध्यें रूढ झालें.

पन्नाशीच्या उंबरठ्यावरील माणसानें अशी गाडी कां घ्यावी? मी अर्थशास्त्र शिकवितों. तेव्हां या प्रश्नाचें कांहीं तरी शास्त्रीय उत्तर माझ्यापाशीं असावयास हवें. तें नाहीं. खरें उत्तर असें कीं, मी ज्या गाडींतून लहानपणीं हिंडलों ती शकुंतला होती. अचलपूरहून मूर्तिजापूरला जाणारी ती अरुंद रुळांची आगगाडी सुमारें ७६ किलोमीटरांचें अंतर तोडण्यास चारेक तास घेई. वाटेंत एकादा शेतकरी हात करून थांबवी, आणि गाडी थांबे. तिचें वाफेचें इंजिन १९२१ सालीं मँचेस्टरला बनलेलें. १९२३ पासून १९९४ च्या एप्रिलपर्यंत तें चाललें, मग डिझेल इंजिन आलें. त्या डब्याच्या खिडकींत बसून बाजूच्या सडकेवरून पुढें निघून जाणाऱ्या प्रत्येक मोटारीकडे मी ज्या नजरेनें पाहत असें, ती नजर चाळीस वर्षें कोठें तरी शिल्लक राहिली असली पाहिजे. पुण्याच्या त्या गृहस्थांनीं मला पहांटे हमरस्त्यावर गाडी चालवून पाहूं दिली. पाय जरा दाबला मात्र, आणि पाठीवर कोणी तरी तळहात ठेवून ढकलावें तसें झालें. व्यवहार तेथेंच ठरला. गाडीखालीं वांकून पाहण्याचें मला सुचलें नाहीं, आणि सुचलें असतें तरी मला तेथें काय दिसणार होतें!

आपल्या इकडे ही जात फारशी जुनी नाहीं. २००४ सालीं औरंगाबादजवळच्या शेंद्र्याहून निघालेल्या स्कोडाच्या ऑक्टाव्हिया आर. एस. नें १.८ लिटरच्या टर्बो इंजिनांतून १५० अश्वशक्ति काढून दाखविली, तेव्हां मोटारींच्या मासिकांतून तिचें मोठें कौतुक झालें होतें. २०१५ सालीं रांजणगांवच्या फियाट कारखान्यांतून अबार्थ पुंटो आली; १.४ लिटर, १४५ अश्वशक्ति, आणि किंमत दहा लाखांच्या किंचित् आंत. पुढें १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे धुराचे नियम लागू झाले, आणि पुंटो नव्या नियमांत न येतां बाजारांतून गेली. गाडी गेली, पण तिचे मालक राहिले. अशा गाड्या जुन्या झाल्या म्हणजे मोठ्या शहरांतून लहान शहरांत, लहान शहरांतून तालुक्याच्या गांवीं अशा उतरत येतात. थोरल्या भावाचा कोट धाकट्यास यावा, तसा हा प्रकार. फरक इतकाच कीं कोटाच्या गुंड्या गांवांत मिळतात.

या व्यवहारांतील मर्म मला फार उशिरां कळलें. जुनी गाडी घेणारा तिच्या आजच्या किंमतीकडे पाहतो, आणि आपल्याला नऊ लाखांची गाडी चारांत मिळाली म्हणून मिशीवर हात फिरवितो. परंतु गाडीची किंमत पांच वर्षांत निम्म्याहून खालीं येते, तशी तिच्या सुट्या भागांची किंमत येत नाहीं. ती उलट वर्षागणिक वाढते. म्हणजे चार लाखांची गाडी घेणाऱ्यास खर्च नऊ लाखांच्या गाडीचाच करावा लागतो. पहिला मालक हें जाणतो. बहुधा म्हणूनच तो विकतो.

पहिली नोंद आहे ती बुशांची. चाकें आणि गाडीचा सांगाडा यांच्या सांध्यांत रबराचे हे गट्टू असतात. चपळ गाड्यांत सस्पेन्शन आंखूड व कडक ठेवितात, टायरांच्या कडा बुटक्या ठेवितात, म्हणजे वळणावर गाडी झुकत नाहीं. जर्मनीच्या किंवा मुंबई-पुण्याच्या द्रुतगति मार्गावर हें सर्व ठीक. पण आमच्या रस्त्यांखालीं कापसाची काळी माती आहे. पावसाळ्यांत ती फुगते, उन्हाळ्यांत आकसून भेगाळते, आणि वरचें डांबर कितीहि उत्तम घातलें तरी दोन वर्षांत त्यावर लाटा उठतात. प्रत्येक लाटेचा हिशेब हे रबराचे गट्टू देतात. परतवाड्याच्या ज्या मिस्त्रीकडे मी प्रथम गाडी नेली, त्याचें आयुष्य सागवानाचे ट्रक आणि मेळघाटांत जाणाऱ्या जिपा यांच्या खालीं निजून गेलेलें. त्यानें गाडी उचलली, चाक दोन्ही हातांनीं धरून हलविलें, आणि माझ्याकडे अशा दयेनें पाहिलें, जशी मी परीक्षेंत नापास झालेल्या मुलाच्या बापाकडे पाहतों.

"सर, गाडी अस्सल हाय जी," तो म्हणाला, "पन इचे पाय नाजूक हायेत. हे आपल्या कायी मातीची गाडी नोहे."

बुश व कंट्रोल आर्म, रु. १८,४००. भाग पुण्याहून मागवावे लागले. गाडी अकरा दिवस उभी राहिली, आणि मी कॉलेजला सायकलनें गेलों. आरोग्यास तें फार मानवलें, हें येथें कबूल केलें पाहिजे.

मग पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅट. हल्लींच्या गाड्यांत वजन वांचविण्यासाठीं पुष्कळ ठिकाणीं धातूऐवजीं प्लास्टिक घालतात. इंजिनाच्या उष्णतेनें तें वर्षानुवर्षें भाजून ठिसूळ होतें, आणि अकोला-अमरावतीच्या मे महिन्यांत, जेव्हां सावलींतला पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, तेव्हां कोठें तरी चीर पडते. खालीं गुलाबी पाण्याचें थारोळें दिसलें कीं समजावें. रु. २१,६००. मग टायर, मग इग्निशनच्या दोन कॉइल आणि चार स्पार्क प्लग. या नोंदींबद्दल सांगण्यासारखें कांहीं नाहीं. दातांच्या वैद्याकडे जाण्यासारख्या त्या आहेत.

परंतु चौदाव्या पानावरील नोंद मला अजून वाचावीशी वाटते. त्या वर्षीं गाडी सकाळीं सुरू होतांना थरथरूं लागली. वेग घेतांना तिला धाप लागे. मिस्त्रीनें स्कॅनर जोडून पाहिला, मग मोबाइलवर कोणाशीं तरी बोलला, आणि शेवटीं मला विचारलें, "सर, तुमी गाडी किती चालोता?"

मीं अभिमानानें सांगितलें कीं, घरापासून कॉलेजपर्यंत अडीच किलोमीटर, तेंहि चाळिसाच्या आंत. गाडी मी जिवापाड जपतों.

"थेच तं चुकते. तुमी इले लयच जपता. इले जपू नका जी, पयवा!"

मला तो विनोद वाटला. पण तें शुद्ध यंत्रशास्त्र होतें. जुन्या इंजिनांत पेट्रोल हवेंत मिसळून मग झडपेवरून आंत जाई, आणि जातां जातां झडप धुतली जाई. माझ्या गाडीच्या जातीच्या इंजिनांत पेट्रोलची फवार थेट सिलिंडरांत उडते. झडपेला पेट्रोलचा स्पर्शच होत नाहीं; इंजिनांतील तेलाची वाफ मात्र तिच्यावर येऊन बसते, भाजते, आणि काजळीचा थर चढतो. थोडें थोडें अंतर थंड इंजिनावर हिंडणाऱ्या गाडीला हा रोग विशेष जडतो. टर्बोचेंहि असेंच कांहीं आहे. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारें तें लहानसें चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतें, आणि तेलाच्या पातळ पापुद्र्यावर तरंगत असतें. घाट चढून आल्याबरोबर जो मनुष्य किल्ली फिरवून इंजिन बंद करतो, तो तें तेल तेथल्या तेथें जाळतो. मिनिटभर इंजिन नुसतें चालूं द्यावें, मग बंद करावें, एवढीच ही विद्या आहे. मला ती कोणी शिकविली नव्हती.

झडपांवरची काजळी काढण्याची रीत ऐकून आमच्या घरीं फार हंशा पिकला. नागपूरच्या कारखान्यांत अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबानें झडपांवर मारतात. टरफल काजळी खरवडण्याइतकें कठीण असतें, पण धातूला ओरखडा पाडण्याइतकें नसतें. सौभाग्यवतींनीं विचारलें, "आणि आंतला अक्रोड कोण खातो?" रु. १४,५००.

इथपर्यंतचें सगळें मीं हंसत सोसलें. गेल्या वर्षीं, म्हणजे २०२४ च्या मे महिन्यांत, रविवारीं आम्ही दोघें चिखलदऱ्यास निघालों. परतवाड्याहून धामणगांव गढीवरून चिखलदरा तीसेक किलोमीटर. त्यांतला घाट म्हणजे ज्या कामासाठीं मीं ही गाडी घेतली तें काम. एऱ्हवीं मी पहांटे जात असें. त्या दिवशीं निघावयास दहा वाजले, आणि वऱ्हाडांतला प्रत्येक मोटारवाला थंड हवेसाठीं त्याच घाटांत आलेला. हातभर पुढें सरकावें, थांबावें, पुन्हां हातभर सरकावें.

माझ्या गाडीच्या गिअरपेटींत दोन क्लच आहेत. एक क्लच एक, तीन, पांच, सात हे गिअर सांभाळतो, दुसरा दोन, चार, सहा आणि रिव्हर्स. एक गिअर चालूं असतांना दुसरा क्लच पुढचा गिअर तयार धरून बसतो, म्हणून गिअर बदललेला कळत नाहीं. ही योजना बुद्धिमान् आहे यांत शंका नाहीं. पण हे क्लच तेलांत बुडालेले नसून कोरडे आहेत, आणि चढावर हातभर सरकण्यांत ते अर्धवट घसरत राहतात व तापतात. पांचव्या वळणावर समोर पान्याचें चित्र उजळलें, आणि गाडीनें दुसरा, चौथा, सहावा आणि रिव्हर्स हे गिअर देण्याचें नाकारलें. पुढें जातां येत होतें. मागें येण्याची सोय राहिली नव्हती. मीं गाडी कशीबशी कडेला घेतली. सौभाग्यवती एका दगडावर बसल्या, छत्री उघडली, आणि चाळीस मिनिटें कांहींएक बोलल्या नाहींत. त्या बोलल्या असत्या तर मला बरें वाटलें असतें.

गाडी थंड झाल्यावर जणूं कांहीं घडलेंच नव्हतें अशी चालूं लागली. नागपूरला दाखविली. गिअरपेटीला हुकूम देणारा जो विजेचा आणि तेलाचा एकत्र भाग असतो, त्यांत दोष, क्लचहि झिजलेले. दोन्ही बदलण्याचा अंदाज रु. १,५८,०००. शकुंतलेच्या इंजिनाचा एकादा भाग मोडला, तर लोखंड तापवून, ठोकून तो पुन्हां घडवितां येत असे, आणि अशा ठोकाठोकीवर तें सत्तर वर्षें चाललें; हा भाग मात्र बंद डबी आहे. तिच्यावर हातोडा चालत नाहीं. सबंध डबी न बदलतां आंतील फुटलेला भाग तेवढा दुरुस्त करून देणारे कारागीर अलीकडे निघाले आहेत. त्यांच्यापैकीं एकानें ४५,००० सांगितले, पण हमी देण्याचें नाकारलें.

बी. कॉम. च्या वर्गाला मी दर वर्षीं बुडीत खर्चाचें तत्त्व शिकवितों: जो पैसा गेला तो गेला, पुढचा निर्णय घेतांना तो हिशेबांत धरूं नये. वहींत तोंवर १,७५,००० रुपये झाले होते. तत्त्व सांगतें, ते विसर. माझें मन सांगे, एवढे घातले त्यावर आणखी घालून ते वांचीव. या ओढाताणींत मीं वर्षभर कांहींच केलें नाहीं. गाडी सपाटीवर हळू चालवीत राहिलों; महिन्या दोन महिन्यांनीं पान्याचें चित्र उजळे आणि मावळे. अखेर यंदा गाडी विकण्याचें ठरवून मीं चार ठिकाणीं बोलून ठेविलें.

आला तो माझाच जुना विद्यार्थी. धारणी तालुक्यांतील एका जिल्हा परिषदेच्या शाळेंत तीन वर्षें शिक्षणसेवक राहून नुकताच कायम झालेला; घरीं वर्षाचें मूल. शिक्षकांच्या पतसंस्थेकडून कर्ज काढून अडीच लाखांपर्यंत जाण्याची त्याची तयारी होती. त्यानें गाडीभोंवतीं एक फेरी घातली, बॉनेटवर हात ठेविला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जें उमटलें तें मला ओळखूं आलें. सहा वर्षांपूर्वीं पुण्याच्या त्या गृहस्थांनींहि माझ्या चेहऱ्यावर तेंच पाहिलें असलें पाहिजे.

"सर, तुमच्या हातची गाडी म्हणजे पाहण्याचें कारणच नाहीं," तो म्हणाला. "तरी रविवारीं वडिलांना घेऊन येतों."

शनिवारीं मी मिस्त्रीकडे गेलों. मीं कांहीं विचारलें नव्हतें, त्यानेंच सहजपणें सांगितलें, "कोड पुसून देतो सर. साठ-सत्तर किलोमीटर लाइट लागत नाही. घेनाऱ्याले काय समजते?" स्कॅनरवर एक बटन दाबलें कीं गाडीच्या स्मरणांतले दोष पुसले जातात, दोष जात नाहींत, त्यांची नोंद जाते. पुण्याला व्यवहाराच्या आदल्या दिवशीं असेंच कोणी बटन दाबलें होतें काय, हें मला कधींच कळणार नाहीं. बावन्न हजार किलोमीटर चाललेल्या त्या गाडीच्या पट्टीवर तेव्हां एकहि दिवा नव्हता, एवढें खरें.

मीं त्याला 'नको' म्हटलें, पण तें ताबडतोब म्हटलें नाहीं. स्टुलावर बसून मीं अख्खा चहा प्यालों. अडीच लाख रुपये ही माझ्यासारख्याला लहान रक्कम नव्हे, आणि जुन्या गाडीच्या सौद्यांत घेणाऱ्यानें पाहून घ्यावें ही जगाची रीत आहे, असेंहि मनांत आलें. मग मीं अंतर मोजूं लागलों. परतवाड्याहून निघून बिहालीचा चढ, घटांग, आणि मग सेमाडोहचें जंगल. साठ-सत्तर किलोमीटर म्हणजे नेमकें तेथेंच कोठें तरी. व्याघ्रप्रकल्पाच्या त्या रस्त्यावर मोबाइल लागत नाहीं, आणि मागच्या आसनावर वर्षाचें मूल. चहा संपला तेव्हां मी उठलों.

रविवारीं तो वडिलांना घेऊन आला. मीं गाडीची किल्ली देण्यापूर्वीं निळी वही त्याच्या हातीं दिली. त्यानें पहिलीं दोन पानें उभ्यानें वाचलीं, मग पायरीवर बसला. वडील शेतकरी मनुष्य, त्यांनीं विचारलें, "काय लिवलं हाय त्यात?" मुलानें सांगितलें, "हिच्या दवाखान्याचा खर्च, बाबा." शेवटच्या पानावरील गिअरपेटीचा अंदाज मीं स्वतः बोट ठेवून दाखविला. तो म्हणाला, "सर, ही मी घरीं नेऊं का? दोन दिवसांत परत करतों." चहा घेऊन तीं बापलेकें गेलीं. गाडीकडे जातांना कोणी पाहिलें नाहीं.

वही दोन दिवसांनीं नव्हे, दहा दिवसांनीं एका एस. टी. कंडक्टरच्या हातीं आली. आंत चिठ्ठी होती. त्यानें सात वर्षांची एक साधी, टर्बो नसलेली गाडी अंजनगांवास पाहिली होती. तिच्या मालकापाशींहि त्यानें अशी वही मागितली, तेव्हां तो मालक हंसला, पण सर्व्हिसिंगच्या पावत्या मात्र त्यानें आणून दिल्या. खालीं ताजा कलम होता: 'सर, पान ९ व पान १७ वरील बेरजेंत हातचा राहिला आहे. एकूण रक्कम १,७५,००० नसून १,७८,६०० होते. क्षमा असावी.' मीं पडताळून पाहिलें. त्याचें बरोबर होतें. शिकविलेला मुलगा होता.

त्या संध्याकाळीं मी वही खणांत ठेवीत असतांना सौभाग्यवती खोलींत आल्या आणि सहजपणें म्हणाल्या, "अहो, त्यांत त्या घाटांतल्या दिवसाचें पेट्रोल लिहायचें राहिलेंय. साडेआठशें." वही त्यांना पहिल्या वर्षापासून ठाऊक होती, मिस्त्री पैशांसाठीं दूरध्वनि करी तो घरच्या क्रमांकावर.

"काय करावें आतां तिचें?" मीं विचारलें.

त्यांनीं वही माझ्या हातांतून घेतली, नवें पान काढलें, आणि आपल्या टपोऱ्या अक्षरांत वर तारीख घातली. त्याखालीं लिहिलें: 'नागपूर. गिअरपेटी. विना हमी. रु. ४५,०००.' मग थोडा विचार करून 'विना हमी' या शब्दांखालीं त्यांनीं एक रेघ ओढली, आणि जेवायला पानें घेतलीं आहेत असें सांगून त्या स्वयंपाकघरांत गेल्या.